एंडोमेट्रिओसिस: दुखण्याच्या नोंदीपासून उपचारापर्यंत, टप्प्याटप्प्याने

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार पाळी येण्याच्या वयातल्या साधारण १० टक्के बायकांना, म्हणजे जगभरात सुमारे १९ कोटी जणींना एंडोमेट्रिओसिस आहे. तरीही त्रास सुरू झाल्यापासून आजाराचं नाव कळेपर्यंत चार-पाच वर्षं, कधी दहा-बारा वर्षंही जातात. याची मुख्य कारणं दोन. एक, "पाळीत दुखायचंच" असं म्हणत दुखणं अंगावर काढलं जातं. दुसरं, पहिली सोनोग्राफी नॉर्मल आली की शोध तिथेच थांबतो. म्हणून दोन गोष्टी सुरुवातीलाच सांगून टाकतो: नॉर्मल सोनोग्राफीने हा आजार नाही असं सिद्ध होत नाही, आणि निदानावर शिक्का बसेपर्यंत उपचार अडवून ठेवायचं कारण नसतं.

हा लेख डॉक्टरांच्या जागी नाही. डॉक्टरांसमोर बसताना काय माहीत असावं, काय विचारावं आणि कुठे घाई किंवा ढिलाई होते, एवढ्यासाठी तो आहे.

आजार नेमका काय आहे

गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर रुजतात. सगळ्यात जास्त सापडतात त्या बीजकोशांवर, गर्भाशय आणि गुदाशय यांच्यामधल्या खोलगट जागेत, गर्भाशयाला मागून धरून ठेवणाऱ्या बंधांवर आणि पोटाच्या आतल्या पातळ आवरणावर. आतडं, मूत्राशय, मूत्रवाहिनी इथेही त्या जातात. क्वचित सिझेरियनच्या व्रणात, बेंबीत किंवा छाती-पोटामधल्या पडद्यावर सापडतात. इस्ट्रोजेन (बीजकोशात तयार होणारं स्त्री-हॉर्मोन) मिळालं की या पेशी वाढतात, आजूबाजूला सूज येते, नव्या नसा फुटतात आणि अवयव एकमेकांना चिकटतात.

त्याचे तीन प्रकार लक्षात ठेवा, कारण तपासणी आणि उपचार दोन्ही त्यावर ठरतात. आवरणावर पसरलेले वरवरचे ठिपके हा पहिला. बीजकोशात जुनं, गडद रक्त साठून झालेली गाठ म्हणजे चॉकलेट सिस्ट हा दुसरा. आणि ऊतींत ५ मिलीमीटरपेक्षा खोल घुसलेला खोल एंडोमेट्रिओसिस हा तिसरा. एकाच बाईत तिन्ही असू शकतात.

टप्पे चार मानले जातात. शस्त्रक्रियेत जे दिसतं त्याला गुण देतात: १ ते ५ पहिला टप्पा, ६ ते १५ दुसरा, १६ ते ४० तिसरा आणि ४० च्या वर चौथा. पण या आकड्याचा दुखण्याशी सरळ संबंध नाही. पहिल्या टप्प्यातली एखादी दर महिन्याला दोन दिवस अंथरुणाला खिळते आणि चौथ्या टप्प्यातल्या दुसरीला मूल राहत नाही म्हणून तपासणी केल्यावरच आजार कळतो. त्यामुळे "पहिलाच टप्पा आहे, एवढं दुखायला नको" हे वाक्य कुणी ऐकवलं तर ते मनावर घेऊ नका.

पायरी १: दोन-तीन पाळ्यांची नोंद ठेवा

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त टाळली जाणारी तपासणी हीच. दवाखान्यात "कधी दुखतं?" या प्रश्नाला "नेहमीच" असं उत्तर दिलं की डॉक्टरांच्या हाती काही लागत नाही. नोंद पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजायची आणि दुखण्याला ० ते १० गुण द्यायचे. पान साधारण असं दिसावं:

दिवस १: दुखणं ८. पहाटे कळा सुरू. ७ वाजता गोळी, ९ पर्यंत ५ वर आलं. एकदा उलटी. कामावर गेले नाही.
दिवस २: दुखणं ६. शौचाला बसल्यावर गुदद्वाराकडे तीव्र कळ, नंतर कमी. रक्तस्राव जास्त, दर दोन तासांनी पॅड.
दिवस ६: पाळी थांबली. ओटीपोट जड, दुखणं २.
दिवस १४: डाव्या बाजूला ४, अर्धा दिवस.
दिवस १९: संबंधांच्या वेळी खोलवर दुखलं, नंतर दोन तास कंबर धरली.

यात बारकावे आहेत. संबंधांच्या वेळी दुखतं ते तोंडाशी की आत खोलवर, हे वेगळं लिहा. एंडोमेट्रिओसिसमध्ये बहुधा खोलवर दुखतं. शौचाला आणि लघवीला होणारा त्रास फक्त पाळीत वाढतो का, हे बघा. पोट फुगणं, प्रचंड थकवा, पाय किंवा मांडीत उतरणारी कळ यांचीही नोंद हवी. पाळीच्याच दिवसांत उजव्या खांद्यात दुखत असेल, शौचातून किंवा लघवीतून रक्त जात असेल, सिझेरियनच्या व्रणापाशी गाठ सुजत असेल, तर ते ठळक लिहा. संबंध नाही असं वाटून बायका नेमकं हेच सांगत नाहीत. आणि गोळी घेतली तर कोणती, किती वाजता आणि किती वेळाने फरक पडला, हेही. "पेनकिलर चालत नाही" आणि "पेनकिलर उशिरा घेतली" यातला फरक या नोंदीतूनच कळतो.

मुलींच्या बाबतीत एक गोष्ट आवर्जून: पाळीमुळे दर महिन्याला शाळा बुडत असेल तर ते दुखणं नेहमीचं समजू नये. वय कमी आहे म्हणून हा आजार नसेल, असं होत नाही. आई किंवा सख्ख्या बहिणीला एंडोमेट्रिओसिस असेल तर शक्यता आणखी वाढते.

पायरी २: पहिली भेट

स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाताना नोंदीचं पान, आधीचे सगळे रिपोर्ट (फिल्म आणि सीडीसकट) आणि घेतलेल्या औषधांची यादी न्या. पहिल्या दोन मिनिटांत तीन गोष्टी सांगा: किती वर्षांपासून दुखतंय, त्यामुळे काय-काय बंद पडतंय आणि येत्या वर्ष-दोन वर्षांत मूल हवं आहे का. तिसऱ्या उत्तरावर उपचाराची सगळी दिशा ठरते, म्हणून ते घोळवत ठेवू नका. "अजून ठरलेलं नाही" हेही उत्तर चालतं.

आतून तपासणीत डॉक्टर गर्भाशय हलतं की मागे वळून घट्ट चिकटलेलं आहे, मागच्या बंधांवर गाठी हाताला लागतात का, योनीच्या मागच्या भिंतीत निळसर गाठ दिसते का, हे बघतात. पाळीच्या सुमारास गाठी जास्त दुखऱ्या असतात आणि सहज लागतात. ही तपासणी कुणालाही नाकारता येते. ज्यांचे शरीरसंबंध आलेले नाहीत त्यांची आतून तपासणी करायची गरज नसते. पोटावरून सोनोग्राफी, संमतीने गुदमार्गाने सोनोग्राफी किंवा एमआरआय हे पर्याय असतात. आणि हात लावून काही सापडलं नाही, तरी आजार नाही असा अर्थ निघत नाही.

पायरी ३: सोनोग्राफी, नीट सांगून केलेली

इथे सगळ्यात जास्त घोळ होतो, म्हणून जरा सविस्तर.

पोटावरून केलेल्या साध्या सोनोग्राफीत मोठी चॉकलेट सिस्ट दिसते, बाकी फारसं काही नाही. योनीमार्गातून केलेल्या सोनोग्राफीत सिस्ट चांगली दिसते आणि खोल एंडोमेट्रिओसिसही दिसू शकतो, पण तो शोधणारा हात सरावलेला हवा. २०१६ साली तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने या तपासणीची चार पायऱ्यांची पद्धत ठरवून दिली: गर्भाशय आणि बीजकोश बघणं, दाबल्यावर दुखणाऱ्या जागा आणि बीजकोशांची हालचाल तपासणं, गर्भाशयामागची जागा मोकळी आहे का ते बघणं, आणि शेवटी आतडं, मूत्राशय, बंध यांवर गाठी शोधणं. नेहमीच्या तपासणीत बहुतेक वेळा पहिलीच पायरी होते आणि रिपोर्टवर "नॉर्मल" असं लिहून येतं. म्हणून चिठ्ठीवर "खोल एंडोमेट्रिओसिसचा संशय, स्लायडिंग साइन पाहावी" असं स्पष्ट लिहून घ्या आणि शक्य असेल तर अशा तपासण्या नेहमी करणाऱ्या सोनोलॉजिस्टकडे जा.

रिपोर्टमधले शब्द असे वाचा. "ग्राउंड ग्लास" म्हणजे गाठीतला द्रव दुधी काचेसारखा एकसारखा धूसर दिसतो. ही चॉकलेट सिस्टची ठळक खूण. "स्लायडिंग साइन निगेटिव्ह" म्हणजे प्रोबने हलका दाब दिल्यावर गर्भाशय आणि आतडं एकमेकांवरून सरकत नाहीत, मागची जागा चिकटली असण्याची शक्यता मोठी. "किसिंग ओव्हरीज" म्हणजे दोन्ही बीजकोश गर्भाशयामागे ओढले जाऊन एकमेकांना चिकटलेत. तिथे आतड्यावरही आजार असण्याची शंका घ्यावी. "अॅडिनोमायोसिस" लिहिलं असेल तर हाच प्रकार गर्भाशयाच्या स्नायूंत आहे. हे दोन आजार बऱ्याचदा जोडीने येतात आणि जास्त रक्तस्राव सहसा अॅडिनोमायोसिसमुळे होतो.

वरवरचे ठिपके मात्र कुठल्याच सोनोग्राफीत खात्रीने दिसत नाहीत. नॉर्मल रिपोर्टवर अडून बसू नये ते यासाठीच.

आणखी एक सूचना, जी बऱ्याचदा राहून जाते: खोल आजार दिसला किंवा त्याची शंका असली की त्याच बैठकीत मूत्रपिंडांची सोनोग्राफी करून घ्या. मूत्रवाहिनी बाहेरून आवळली गेली तर मूत्रपिंड हळूहळू सुजतं आणि निकामी होऊ शकतं. त्याचं दुखतंच असं नाही.

रक्ताच्या तपासण्या आणि एमआरआय

सीए-१२५ ही तपासणी निदानासाठी उपयोगाची नाही. पाळीत, संसर्गात, फायब्रॉइडमध्येही ती वाढते आणि एंडोमेट्रिओसिस असूनही नॉर्मल येते. तो आकडा बघून घाबरून जाणाऱ्या बायका कमी नाहीत. युरोपियन तज्ज्ञ संघटनेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनीही रक्त, पाळीचा स्राव किंवा गर्भाशयाच्या अस्तरातले मार्कर (आजाराची खूण मानले जाणारे घटक) निदानासाठी वापरू नयेत असं सांगितलं आहे. रक्तस्राव जास्त असेल तर हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) करा. मूल हवं असेल किंवा बीजकोशावर शस्त्रक्रिया ठरत असेल तर एएमएच, म्हणजे बीजकोशात किती बीजं उरली आहेत याचा अंदाज देणारी तपासणी.

एमआरआय सगळ्यांना लागत नाही. आतडं, मूत्राशय किंवा मूत्रवाहिनीवर आजार वाटत असेल, किंवा मोठी शस्त्रक्रिया आखायची असेल तर तो करावा. तोही नॉर्मल आला म्हणजे वरवरचे ठिपके नाहीत असं समजू नये.

दुर्बिणीतून निदान करायलाच हवं का?

पूर्वी लॅप्रोस्कोपी करून तुकडा तपासल्याशिवाय निदान मानत नसत. २०२२ च्या त्याच सूचनांनी ही अट काढली. आता लक्षणं आणि सोनोग्राफी जुळत असेल तर थेट औषध सुरू करतात. सोनोग्राफीत काही नाही पण लक्षणं बोलकी आहेत, तरीही औषध देऊन बघणं मान्य आहे. त्याने उपयोग झाला नाही, औषध चालत नसेल किंवा मूल हवं असल्याने हॉर्मोन देता येत नसतील, तेव्हा लॅप्रोस्कोपीचा विचार होतो.

मात्र औषधाने बरं वाटलं म्हणून एंडोमेट्रिओसिस पक्का, असंही नाही. साधं पाळीचं दुखणंही त्याच गोळ्यांनी थांबतं. आणि "एकदा आत बघून घेऊ" म्हणून केलेली निव्वळ निदानाची लॅप्रोस्कोपी टाळलेली बरी. आत जायचंच असेल तर सापडलेला आजार त्याच वेळी काढण्याची तयारी आणि संमती आधी असावी.

पायरी ४: पेनकिलर वेळेवर

पाळीच्या कळा प्रोस्टाग्लँडिन नावाच्या रसायनांमुळे येतात. ती तयार झाल्यावर गोळी घेतली तर उपयोग अर्धाच होतो. त्यामुळे पाळी येणार हे कळत असेल तर आदल्या दिवशी, नाहीतर पहिली कळ जाणवताच सुरू करा, आणि पहिले दोन-तीन दिवस ठरलेल्या वेळी घ्या. दुखणं चढायची वाट बघू नका.

प्रौढांसाठी नेहमीचे डोस असे: आयबुप्रोफेन ४०० मिलीग्रॅम दर ६ ते ८ तासांनी, स्वतःहून घेताना दिवसाला १२०० मिलीग्रॅमच्या वर नाही, किंवा नेप्रोक्सेन आधी ५०० आणि मग दर ६ ते ८ तासांनी २५०, किंवा मेफेनॅमिक अॅसिड ५०० दिवसातून तीनदा. यातलं एकच घ्यायचं, दोन एकत्र नाही, आणि पोटात काहीतरी असताना. पॅरासिटामॉल जोडीला चालतं. पोटात अल्सर, मूत्रपिंडाचा आजार, अशा गोळ्यांनी वाढणारा दमा, रक्त पातळ करणारी औषधं यांपैकी काही असेल तर आधी विचारा. मूल हवं असणाऱ्यांनी या गोळ्या पाळीच्या दिवसांपुरत्याच ठेवाव्यात, कारण महिनाभर चालू राहिल्या तर बीज बाहेर पडण्यात अडथळा येऊ शकतो.

दोन-तीन पाळ्या नीट घेऊनही गुण ५-६ च्या खाली येत नसतील, तर गोळी बदलत बसण्यापेक्षा पुढच्या पायरीकडे वळा.

पायरी ५: हॉर्मोनचे उपचार

यांचा उद्देश एकच: बीज तयार होणं आणि पाळी थांबवून आजाराला मिळणारं इस्ट्रोजेन कमी करणं. औषधाने आजार मुळापासून जात नाही, तो दबतो. बंद केलं की बऱ्याच जणींना त्रास पुन्हा सुरू होतो. हे आधीच माहीत असलं की "सहा महिने घेऊनही बरी झाले नाही" अशी निराशा होत नाही. दुखणं कमी करण्यात या औषधांमध्ये फार मोठा फरक नाही. निवड होते ती दुष्परिणाम, इतर आजार आणि किती काळ घ्यायचं यावर.

गर्भनिरोधक गोळ्या: सोप्या, वर्षानुवर्षं घेता येतात. पाळीच्या दुखण्यासाठी ७ दिवसांची सुट्टी न घेता सलग घेतल्या तर उपयोग जास्त. प्रकाशाच्या रेषा दिसून येणारी मायग्रेन, रक्ताच्या गुठळीचा इतिहास, वाढलेला रक्तदाब किंवा ३५ च्या पुढे धूम्रपान असेल तर इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या नकोत.

डायनोजेस्ट: रोज २ मिलीग्रॅम, एकाच वेळेला, मध्ये खंड न पाडता. पहिले तीन-चार महिने अधूनमधून डाग पडतात आणि बहुतेक जणी तिथेच गोळी सोडतात. खरं तर याच काळात अस्तर पातळ होत असतं, पुढे स्पॉटिंग कमी होत जातं. त्यामुळे तीन महिने झाल्याशिवाय चालतं की नाही हे ठरवू नका. रोजची वेळ चुकत राहिली तर मात्र डाग थांबत नाहीत. गोळीनंतर ३-४ तासांत उलटी किंवा जोराचे जुलाब झाले तर एक गोळी पुन्हा घ्या. गर्भनिरोधक म्हणून तिच्यावर विसंबू नका. सोबत कंडोमसारखं हॉर्मोन नसलेलं साधन हवं. मन उदास राहायला लागलं, आधीचं डिप्रेशन डोकं वर काढायला लागलं, तर ते सांगायचंच, सहन करायचं नाही.

नॉरएथिस्टेरॉन: हा जुना आणि सहज मिळणारा पर्याय. रोज ५ मिलीग्रॅमपासून सुरू करून गरजेप्रमाणे वाढवतात. वजन, पुरळ आणि कोलेस्टेरॉल यांवर लक्ष ठेवावं लागतं.

हॉर्मोन सोडणारी कॉपर टीसारखी वस्तू: ५२ मिलीग्रॅम लेव्होनॉर्जेस्ट्रेलची. एकदा बसवली की रोज गोळी आठवायला नको. अॅडिनोमायोसिस आणि जास्त रक्तस्राव सोबत असेल तर ही उत्तम. बऱ्याच जणींत बीज तयार होणं चालूच राहतं, म्हणून बीजकोशावरच्या सिस्टसाठी एकटीवर भिस्त ठेवू नये.

जीएनआरएच इंजेक्शन (मेंदूकडून बीजकोशांना जाणारा संदेश थांबवणारं): ल्युप्रोलाइड ३.७५ मिलीग्रॅम महिन्याला किंवा ११.२५ तीन महिन्यांना. शरीर तात्पुरतं रजोनिवृत्तीसारखं होतं: गरम वाफा, कोरडेपणा, झोपमोड, आणि हाडांची घनता कमी होते. पहिल्या एक-दोन आठवड्यांत हॉर्मोन आधी वाढतात, म्हणून दुखणंही चढू शकतं. हे कुणी सांगितलं नसेल तर इंजेक्शन उलटलं असं वाटतं. सोबत कमी मात्रेत हॉर्मोन परत देण्याची पद्धत आहे, तिला अॅड-बॅक म्हणतात. त्याने हाडं सांभाळली जातात आणि उपचाराचा गुण कमी होत नाही. अॅड-बॅकशिवाय सहा महिन्यांच्या पुढे हे इंजेक्शन चालू ठेवू नये. वाढत्या वयाच्या मुलींसाठी ते पहिल्या फळीचं औषध नाही.

याच गटात आता तोंडाने घ्यायच्या गोळ्याही आहेत. अमेरिकेत एलागोलिक्सला २०१८ मध्ये आणि रेलुगोलिक्सच्या संयुक्त गोळीला (अॅड-बॅक त्यातच मिसळलेलं) २०२२ मध्ये एंडोमेट्रिओसिसच्या दुखण्यासाठी परवानगी मिळाली. सुरुवातीची चढ यात नसते आणि बंद केल्यावर परिणाम लवकर ओसरतो.

लेट्रोझोलसारखी, इस्ट्रोजेन तयार होणंच रोखणारी औषधं बाकी सगळं करून झाल्यावर, दुसऱ्या हॉर्मोनच्या जोडीने देतात. डॅनॅझोल आता सुचवत नाहीत. आवाज जाड होणं, चेहऱ्यावर केस येणं असे परिणाम होतात आणि आवाज पूर्ववत होईलच असं नाही.

"मूल होऊ दे, मग बरं होईल" हा सल्ला उपचार नाही. गर्भारपणात काहींना आराम मिळतो, काहींना नाही, आणि नंतर त्रास परतू शकतो.

पायरी ६: शस्त्रक्रिया कधी आणि कशी

औषधाने दुखणं आटोक्यात येत नाही, औषध सोसत नाही, मूत्रवाहिनी किंवा आतडं आवळलं जातंय, गाठीचं रूप संशयास्पद आहे, किंवा मूल राहण्यासाठी फायदा दिसतोय. यांपैकी काहीतरी असावं. निव्वळ रिपोर्टमध्ये सिस्ट आली म्हणून नव्हे. त्रास न देणारी लहान सिस्ट ठरावीक अंतराने सोनोग्राफी करून बघत राहणं पूर्णपणे योग्य आहे.

चॉकलेट सिस्ट नुसती सुईने उपसली तर ती पुन्हा भरते. तिचं आवरण सोलून काढलं तर परत येण्याचं प्रमाण कमी राहतं. पण आवरण सोलताना बीजकोशाचा निरोगी भागही थोडा जातो आणि एएमएच घसरतं. दोन्ही बाजूंच्या सिस्ट असतील किंवा दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया असेल तर जास्तच. म्हणून आधी एएमएच बघा आणि मूल व्हायचं असेल तर स्त्रीबीज साठवण्याबद्दल शस्त्रक्रियेच्या आधी बोला, नंतर नाही.

आतड्यावरचा आजार तीन प्रकारे काढतात: वरून तासून, तेवढी चकती कापून, किंवा आतड्याचा तुकडाच काढून उरलेली टोकं जोडून. जितकं जास्त कापावं लागतं तितका धोका वाढतो: जोड गळणं, योनी आणि आतडं यांच्यात मार्ग तयार होणं, काही काळ लघवी नीट न होणं. अशा वेळी आतड्याचे आणि मूत्ररोगाचे सर्जन त्याच टेबलावर उपलब्ध असतील अशीच जागा निवडा.

शस्त्रक्रियेआधी विचारायचे प्रश्न लिहून न्या. आजार कापून काढणार की जाळणार? आतड्यावर सापडला तर त्याच वेळी काढणार की थांबणार? वर्षाला अशा किती शस्त्रक्रिया करता? कोणता अवयव माझ्या संमतीशिवाय काढला जाणार नाही? व्हिडिओ किंवा फोटो मिळतील का? शेवटचा प्रश्न फुटकळ वाटतो, पण पुढे दुसऱ्या डॉक्टरांकडे जायची वेळ आली तर ते फोटो दहा रिपोर्टांपेक्षा उपयोगी पडतात.

छोट्या लॅप्रोस्कोपीनंतर एक-दोन दिवस खांदा दुखतो, तो पोटात भरलेल्या वायूमुळे. हलकी कामं आठवड्या-दोन आठवड्यांत सुरू होतात. आतड्याची शस्त्रक्रिया असेल तर बराच जास्त वेळ लागतो.

नंतर लगेच मूल नको असेल तर हॉर्मोन सुरू ठेवणं हा शस्त्रक्रियेचाच उरलेला भाग समजा: गोळ्या किंवा हॉर्मोनची वस्तू, किमान १८ ते २४ महिने. इथे सगळ्यात जास्त ढिलाई होते. दुखणं थांबलेलं असतं, गोळी कशाला घ्यायची असं वाटतं, आणि सिस्ट परत येते.

गर्भपिशवी काढली की सगळं संपलं, हा समज चुकीचा आहे. बाहेरचा आजार तसाच सोडून नुसती पिशवी काढली तर दुखणं राहू शकतं. अॅडिनोमायोसिस असेल आणि मूल नको असेल तर तिचा फायदा होतो, पण दिसणारा सगळा एंडोमेट्रिओसिस त्याच वेळी काढायला हवा. बीजकोशही काढले असतील आणि पुढे हॉर्मोन द्यायची वेळ आली, तर एकटं इस्ट्रोजेन देणं टाळावं.

मूल हवं असेल तर वेगळा रस्ता

वर सांगितलेली हॉर्मोन औषधं गर्भ राहण्याची शक्यता वाढवत नाहीत. ती चालू असताना गर्भ सहसा राहत नाही, म्हणजे वेळच जातो. "आधी सहा महिने इंजेक्शन घेऊ, मग प्रयत्न करू" असं सुचवलं तर कारण विचारा.

वय ३५ च्या खाली असेल तर वर्षभर, वर असेल तर सहा महिने प्रयत्न करून मग तपासणी, हा सर्वसाधारण नियम. निदान आधीच झालं असेल तर तेवढंही थांबू नका. जोडीदाराची वीर्यतपासणी पहिल्याच आठवड्यात करा. बाईला आजार आहे म्हटलं की ती राहून जाते आणि महिने वाया जातात.

पहिल्या-दुसऱ्या टप्प्यात दुर्बिणीतून आजार काढल्याने नैसर्गिकरीत्या गर्भ राहण्याची शक्यता वाढते. शस्त्रक्रिया झाली असेल तर एंडोमेट्रिओसिस फर्टिलिटी इंडेक्स काढायला सांगा. वय, किती वर्षं प्रयत्न चाललेत, आधी गर्भ राहिला होता का आणि नलिका-बीजकोशांची अवस्था यांवरून ० ते १० गुण मिळतात. गुण जास्त असतील तर काही महिने नैसर्गिक प्रयत्न, कमी असतील तर सरळ आयव्हीएफ.

आयव्हीएफच्या आधी प्रत्येक चॉकलेट सिस्ट काढायची गरज नसते; त्याने बीजांची संख्या घटू शकते. दुखत असेल किंवा बीज काढताना सुई पोहोचायला सिस्ट आड येत असेल तरच.

सगळं करूनही दुखत राहिलं तर

वर्षानुवर्षं दुखल्यावर ओटीपोटाचे स्नायू कायम आवळलेले राहतात आणि नसा जास्त संवेदनशील होतात. मग आजार काढल्यावरही कळ येते. अशा वेळी तिसऱ्या-चौथ्या शस्त्रक्रियेकडे धावण्याआधी पेल्विक फ्लोअर फिजिओथेरपी करा. नसांच्या दुखण्यावरची औषधं (उदाहरणार्थ कमी मात्रेत अॅमिट्रिप्टिलिन) आणि पेन क्लिनिक हेही पर्याय आहेत. समुपदेशन सुचवलं म्हणजे दुखणं मनाचं आहे असं कुणी म्हणत नाही. शेक, नियमित व्यायाम, टेन्स यंत्र (त्वचेवरून हलका वीजप्रवाह देणारं) यांनी काहींना आराम पडतो आणि धोका नगण्य आहे. "एंडो डाएट" म्हणून विकल्या जाणाऱ्या याद्यांमागे भक्कम पुरावा नाही. पैसे आणि जेवण दोन्ही कापून घेऊ नका.

इथे थांबू नका, लगेच जा

अचानक असह्य दुखणं आणि उलट्या (बीजकोशाला पीळ पडणं किंवा सिस्ट फुटणं). सिस्ट असताना ताप आणि थंडी, विशेषतः बीज काढल्यानंतरच्या दिवसांत. गर्भचाचणी पॉझिटिव्ह असताना एका बाजूला दुखणं किंवा चक्कर. कंबरेच्या एका बाजूला सतत दुखणं आणि लघवी कमी होणं. पाळीच्या दिवसांत अचानक धाप आणि छातीत दुखणं.

पुढचा पाठपुरावा

औषध सुरू केल्यावर तीन महिन्यांनी, मग सहा महिन्यांनी आणि पुढे वर्षाला एकदा भेट ठेवा. प्रत्येक वेळी तीच ० ते १० ची नोंद घेऊन जा, म्हणजे "जरा बरं आहे" ऐवजी "८ वरून ३" असं सांगता येतं. सिस्ट ठेवली असेल तर शक्यतो त्याच सोनोलॉजिस्टकडे, पाळी संपल्यानंतरच्या आठवड्यात तपासा. आकार भराभर वाढला किंवा गाठीच्या आत रक्तप्रवाह असलेला घट्ट भाग दिसू लागला तर लगेच तज्ज्ञांना दाखवा. बीजकोशाच्या कर्करोगाचा धोका या आजारात थोडा वाढतो, तरी एकंदर कमीच असतो. खोल आजार औषधावर ठेवला असेल तर मूत्रपिंडांची सोनोग्राफी वर्षातून एकदा करण्याबद्दल डॉक्टरांना विचारा, मग दुखत असो वा नसो.